विहिरीतल्याचा चेहरा

पुस्तक टपालाने आलं तेव्हा आप्पा कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेले होते. त्यामुळे ते पडलं थोरलीच्या हातात. पाठवणारा अर्थातच धाकटा, तिचा भाऊ; वर नावही तिचंच. थोरलीने उभ्या उभ्याच दोरा तोडला, कागद फाडला आणि पुस्तक चाळायला घेतलं. चाळता चाळता एका पानाशी तिचा हात थांबला. ते पान तिने एकदा बघितलं, खिडकीपाशी उजेडात नेऊन पुन्हा बघितलं, आणि पुस्तक मिटून सरळ कपाटावर, जुन्या रजयांच्या मागे ढकलून दिलं. आप्पा परत आले तेव्हा ती काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चहा गाळत होती.

थोरली चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकाडोळ्यांची मापं घ्यायची, आणि घरी आली की आप्पांची मापं काढायची. स्टुलावर का चढलात, गोळी का घेतली नाही, मफलर किती दिवस धुतला नाही. लग्न तिने केलं नाही. आई गेल्यावर ती आप्पांची मुलगी कमी आणि आई जास्त झाली होती, आणि आप्पाही तिला घाबरल्याचं छान नाटक करायचे.

आप्पा काचेच्या कारखान्यात होते. लांब नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकर घालत घालत फिरवायचा, की त्याची बरणी व्हायची, दिव्याची चिमणी व्हायची. त्यांच्या हाताला फार गुण होता म्हणायचे लोक. मग एका सकाळी त्यांनी भट्टीचं दार उघडायला आणि आतून जाळाचा लोट बाहेर यायला एकच गाठ पडली. जीव वाचला. पण चेहऱ्याची डावी बाजू गेली. कान मेणासारखा वितळून मानेला चिकटला, डोळ्याची पापणी खाली ओढली गेली, आणि ओठाचा कोपरा असा वर खेचला गेला, की आप्पा रडत असले तरी त्या बाजूने हसल्यासारखे दिसायचे. कारखान्याने नंतर त्यांना मागच्या गोदामात घेतलं. बरण्यांना पेंढा गुंडाळून खोक्यात भरायचं काम. तिथे गिऱ्हाईक येत नसे.

धाकटा तेव्हा अगदी लहान होता, नुकता सलग वाक्यं बोलायला लागलेला. आप्पा इस्पितळात असेपर्यंत त्याला मावशीकडे ठेवलं होतं. परत आणला, तेव्हा आप्पा दारातच उभे होते, हात पसरून. पोराने एकदा वर बघितलं आणि आईच्या मागे जाऊन तिच्या पायाला घट्ट मिठी मारली. ओरडला नाही, रडला नाही. फक्त त्याच्या पायाशी फरशी ओली झाली. आप्पांनी पसरलेले हात हळूच खाली घेतले, जणू काही आळसच देत होते.

त्या दिवसापासून त्यांनी घरात वावरायची एक रीतच लावून घेतली. यायचं ते मागच्या दाराने, आधी खोकून. जेवायला बसायचं ते भिंतीशी, उजवी बाजू पोराकडे करून. गळ्यात बारा महिने मफलर. बायको म्हणायची, "अहो, सवय होईल त्याला. समोर बसा." ते म्हणायचे, "होईल, होईल. घाई कसली?" पण सवय पोराला झाली ती खाली मान घालून बसायची. उलट उत्तर म्हणून कधी दिलं नाही त्याने. सांगितलेलं काम करायचा, नमस्कार करायचा, फक्त वर बघायचा नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, किती लाजरा आहे मुलगा. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढत बसायचा. मोठा झाला, चित्रकलेचं शिकायला मोठ्या शहरात गेला आणि तिकडचाच झाला. रविवारी बहिणीला फोन करायचा. "आप्पा कसे आहेत?" "बरे आहेत. देऊ का?" "नको, झोपले असतील." भर सकाळी अकराला.

तर अशी ही घरची कथा. पुस्तक कपाटावर जाऊन पडलं, आणि कदाचित तिथेच राहिलंही असतं. पण थंडी पडायला लागली आणि एका दुपारी, थोरली दुकानात असताना, आप्पा रजई काढायला स्टुलावर चढले. रजई ओढली तसं तिच्या मागून विटेएवढं जाड पुस्तक धप्पकन खाली आलं, आणि त्यांच्या अंगठ्यावर पडता पडता राहिलं.

काळं मुखपृष्ठ. त्यावर चंदेरी शाईने काढलेलं एक झाड, आणि फांद्यांना फळांच्या जागी लहान लहान बंद दारं लटकलेली. वर लिहिलं होतं, अघटित आणि काळोख्या कथांचा सचित्र संग्रह. खाली, बारीक अक्षरात, चित्रकाराचं नाव. आप्पांनी त्या नावावरून बोट फिरवलं. पुढे त्यांचंच नाव होतं, वडिलांचं म्हणून, छापलेलं. रजई तशीच जमिनीवर टाकून ते खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

आप्पा काही वाचणारे नव्हेत. वर्तमानपत्र मात्र पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे. गोष्टी त्यांनी लहानपणानंतर वाचल्याच नव्हत्या, आणि अशा तर कधीच नव्हत्या. पहिल्या गोष्टीत एक घर होतं. त्या घरात कुणी खोटं बोललं, की रात्रीतून एक खोली वाढायची. शेवटी त्या कुटुंबातली माणसं एकमेकांना हाका मारत खोल्याखोल्यांतून फिरतात आणि कुणी कुणाला सापडत नाही. आप्पांना आधी हसू आलं. पुढाऱ्यांना असली घरं द्यायला पाहिजेत, असं मनात म्हणाले. मग चित्र बघितलं. लांबच लांब ओसरी, दोन्ही बाजूंना दारंच दारं, आणि अगदी टोकाला, नखाएवढी, कंदील धरून उभी असलेली एक म्हातारी. हसू कुठल्या कुठे गेलं.

दुसरीत एक बाई आपली सावली एका श्रीमंत बाईला उसनी देते आणि ती सावली तिकडेच रमते. तिसरीत एक घड्याळजी होता. लोक त्याच्याकडे येऊन आयुष्यातला नको असलेला तास काढून मागायचे, किडका दात काढून मागावा तसा. त्याच्या दुकानात मागे बरण्या मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येक बरणीत एकेकाचा तास. बरण्या बघून आप्पा ताठ बसले. गळ्याशी जराशी कललेली, बुडाला जाड, अशी बरणी साच्यातून निघत नाही, ती फुंकलेलीच असते. धाकट्याने बरणी बरोबर काढली होती.

थोरली यायच्या आत त्यांनी पुस्तक जागच्या जागी ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेल्यावर पुन्हा काढलं. असं त्यांचं रोजचं सुरू झालं. शाळा चुकवून चिंचा पाडणाऱ्या मुलासारखे ते दुपारची वाट बघायचे. भीती वाटायची. एक-दोनदा तर वाचता वाचता उठून त्यांनी न्हाणीघराचं दार लावून घेतलं, आत कुणी नाही हे ठाऊक असताना. पण चित्रं आली की भीतीबरोबर दुसरंही काही वाटायचं. हे सगळं आपल्या पोराच्या डोक्यात होतं. ह्याच घरात, मान खाली घालून जेवणाऱ्या त्या पोराच्या डोक्यात.

पुस्तक निम्म्याहून जास्त झालं असेल, तेव्हा विहिरीची गोष्ट आली.

गावाबाहेर एक कोरडी विहीर असते. गावाला जे जे नको, ते लोक तिच्यात टाकतात. फुटकी भांडी, आंधळी मांजरं, तुटके पाळणे. आणि तळाशी एक कुणीतरी राहतं. माणूस म्हणावं तर माणूस नाही. एके दिवशी वरून एक तान्ही मुलगी येऊन पडते. तळाशी राहणारा तो तिला झेलतो, वाढवतो. मांजरांच्या केसांची दुलई करतो, तुटक्या पाळण्याच्या फळ्या जोडतो. अंधारात मुलगी त्याला हातांनी आणि आवाजाने ओळखते, त्याच्या कुशीत झोपते. मग एका भर दुपारी, सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उजेडाची एक तिरीप तळापर्यंत पोचते. मुलगी त्याचा चेहरा बघते. ती किंचाळत दगडांच्या खाचांत पाय रोवून वर चढते. नंतर ती गावातच राहते, पण झोप येत नाही. तो वर आला तर? म्हणून ती लोकांना गोळा करते आणि विहिरीच्या तोंडावर दगडी झाकण सरकवते. झाकण जड असतं, नीट बसत नाही, एक फट राहते. आणि तिला भीती वाटू नये म्हणून तो आतून वर येतो, दोन्ही हातांनी दगड उचलून धरतो आणि जागेवर नीट बसवून घेतो.

एवढीच गोष्ट. आप्पांनी पान उलटलं. पुढचं अख्खं पान चित्राचं होतं.

खालून बघावं तसं काढलेलं. वर दगडाची कड, तिच्याखाली उरलेली उजेडाची एक पट्टी, दगडाला टेकलेले दोन मोठे हात, आणि त्या पट्टीत एक चेहरा. मानेला चिकटलेला कान. खाली ओढलेली पापणी. वर खेचलेला ओठाचा कोपरा.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं, नळाला पाणी आलं आणि बादली भरून वाहायला लागली, तरी आप्पा उठले नाहीत. त्यांना आधी राग आला. मग लाज वाटली, जणू भर रस्त्यात कुणी मफलर ओढून काढला. मग त्यांची नजर हातांवर गेली. चेहरा वेडावाकडा होता, पण हात सुंदर होते. बोटांच्या पेरांवरचे नळीचे घट्टेसुद्धा काढले होते. चेहऱ्याकडे न बघणाऱ्या पोराने मग काय बघितलं होतं इतकी वर्षं? ताटात पोळी वाढणारे, दप्तराचा तुटलेला पट्टा शिवणारे, तापात कपाळावर पट्टी ठेवणारे ते हात बघितले होते.

संध्याकाळी थोरली आली ती ओल्या फरशीवरून घसरता घसरता वाचली. "आप्पा! नळ!" म्हणून ओरडत आत आली, आणि त्यांच्या मांडीवरचं पुस्तक बघून जागच्या जागी थांबली.

"वाचलंत?"

"तिथपर्यंत आलोय."

ती खाली त्यांच्या पायाशी बसली. "फोन करून चांगली खरडपट्टी काढणार आहे मी त्याची. अक्कल गहाण टाकली होती का? स्वतःच्या बापाचा चेहरा असा..."

"गोष्ट त्याने लिहिली आहे का?"

"नाही. कुणी बाई आहे लेखिका. ह्याने चित्रं काढलीत फक्त."

"मग त्या बाईला कसं कळलं?" आप्पा स्वतःशीच म्हणाले.

"काय कळलं?"

"काही नाही." त्यांनी पुस्तक तिच्यापुढे धरलं. "कान बरोबर काढलाय. नाक मात्र जरा मोठं झालंय. माझं नाक असं नाही."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पण फोनबिन करू नकोस. मला त्याला भेटायचंय."

मागच्याच आठवड्यात वर्तमानपत्रात एक चौकट आली होती आणि आप्पांनी ती अर्थातच वाचली होती. मोठ्या शहरातल्या एका पुस्तकाच्या दुकानात ह्या संग्रहाचा चित्रकार वाचकांना भेटणार, पुस्तकांवर सह्या देणार. थोरली म्हणाली, त्याला कळवू तरी. आप्पा म्हणाले, कळवलं तर तो नको म्हणेल, आणि नको म्हणायला लागलं म्हणून त्यालाच वाईट वाटेल. कशाला? चित्र आवडलं एवढंच तर सांगायचं आहे. दोन मिनिटांचं काम.

त्या शनिवारी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. मफलर घेतला, आणि दारातून परत फिरून खुंटीला टांगून ठेवला. थोरलीने ते बघितलं.

दुकान मोठं होतं, काचेच्या दारांचं, आत दिव्यांचा लखलखाट. एका बाजूला टेबल मांडून धाकटा बसला होता, आणि समोर रांग. केस पिकायला लागले होते त्याचे. आप्पा रांगेत उभे राहिले. थोरली शेजारच्या कपाटापाशी थांबली, पुस्तकं बघत असल्यासारखी. धाकटा काही वर बघत नव्हता. पुस्तक पुढे आलं की मान खाली घालूनच विचारायचा, "कुणाच्या नावे लिहू?" आणि लिहायचा. ती खाली घातलेली मान आप्पांनी गर्दीतूनही ओळखली असती.

आप्पांच्या पुढे एक बाई होती आणि तिच्या हाताशी एक चुणचुणीत मुलगी. मुलगी कंटाळून मागे वळली. तिने आप्पांकडे बघितलं, टक लावून बघितलं, हातातलं पुस्तक उघडलं, चित्र बघितलं, पुन्हा आप्पांकडे बघितलं.

"आई! विहिरीतला आलाय!"

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मुलीचा दंड धरला. "गप्प बस! सॉरी हं काका, लहान आहे ती..."

"अहो, बरोबर बोलली ती," आप्पा म्हणाले. खाली वाकले आणि मुलीला म्हणाले, "मीच तो. आज सुट्टी आहे मला."

मुलगी खुदकन हसली. "मग झाकण कुणी धरलंय?"

"ठेवलंय नीट बसवून."

रांगेतले दोघं-तिघं हसले, जरा अवघडून. आणि त्या आवाजाने धाकट्याने मान वर केली. पेन त्याच्या हातात तसंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

बाई मुलीला घेऊन घाईघाईने निघून गेली. आप्पांनी आपलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"आप्पा..." धाकट्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "तुम्ही कशाला आलात?"

"सही घ्यायला. सगळे घेतायत ना?"

धाकट्याने पुस्तक ओढून घेतलं. कुणाच्या नावे लिहू, हे त्याने विचारलं नाही. फक्त स्वतःची सही केली. शेजारी उभ्या असलेल्या दुकानाच्या मालकिणीने हसून विचारलं, "ओळखीचे आहेत वाटतं?"

एक क्षणभर धाकट्याने बापाकडे बघितलं. म्हणजे बघायला गेला, आणि नजर कानापर्यंत येऊन खाली पडली.

"हो," तो म्हणाला. "ओळखीचे."

"जुनी ओळख आहे," आप्पा म्हणाले. पुस्तक उचललं, काखेत मारलं आणि दाराकडे निघाले. चित्र आवडलं, हे सांगायचं राहूनच गेलं.

बसमध्ये थोरली खिडकीकडे तोंड करून रडली. आप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बाप आहे म्हणून सांगायला काय झालं होतं त्याला? जीभ झडली असती?"

"अगं, गडबडला तो. एवढी माणसं, तेवढ्यात मी असा उभा. कुणीही गडबडेल."

"तुम्ही सारखे त्याचीच बाजू घ्या."

"मग कुणाची घेऊ?" आप्पा म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी मफलर खुंटीवरून काढला आणि गळ्याला दोन वेढे देऊन गुंडाळला. पुस्तक त्यांनी पुढे काही दिवस उघडलं नाही. दुपारी नुसतेच खुर्चीत बसून राहायचे. जेवण कमी झालं. थोरलीने आवडीचं केलं तरी दोन घास खाऊन, "छान झालंय गं," म्हणायचे आणि ताट सारायचे.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी फोन वाजला नाही. धाकटा स्वतःच आला.

पुढच्या दाराने आला आणि उंबऱ्यातच थांबला. खांद्याला कापडी पिशवी, डोळे सुजलेले. थोरली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तोंडात आलेलं सगळं बोलून घ्यायची तिची तयारी होती. पण त्याच्याकडे बघून तिचाही धीर सुटला. "ये," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

"आप्पा, तोंडातून गेलं माझ्या," धाकटा म्हणाला.

"गेलं तर गेलं. बस."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"अरे, मी कुठे काय म्हणतोय? बस तर खरं. चहा घेशील?"

तो बसला. बाप-लेकांना बोलायची सवयच नव्हती, मग एकदम कुठून आणणार?

"मला त्या दिवशी सांगायचं होतं," आप्पा शेवटी म्हणाले. "चित्र चांगलं आलंय. हात फार चांगले आलेत. आणि ते घड्याळजीचं दुकान. बरण्या बघून वाटलं, पोराचं लक्ष होतं."

धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मी मुद्दाम नाही काढला तो चेहरा. गोष्ट वाचली. खाली राहून तिला सांभाळणारा तो. आणि काढायला बसलो तर दुसरा चेहराच येईना. किती कागद फाडले. शेवटी म्हटलं, येतोय तो येऊ दे."

"बरं केलंस."

"ताईला पाठवलं पुस्तक, कारण तुम्हाला पाठवायची हिंमत नव्हती. आणि तुम्ही बघावं असंही वाटत होतं." तो थांबला. "आप्पा, मला तुमचं चित्र काढायचंय. समोर बसून. आजवर आठवणीतूनच काढत आलो."

आप्पा उठले, खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसले. सवयीने त्यांनी उजवी बाजू पोराकडे केली.

"इकडे वळा," धाकटा म्हणाला.

ते थोडे वळले.

"अजून. आणि मफलर काढा ना."

आप्पांनी मफलर काढला आणि मांडीवर घेतला. सकाळचं ऊन थेट डाव्या गालावर पडलं. धाकट्याने वही उघडली, पेन्सिल काढली आणि बापाकडे बघितलं. ह्या खेपेला नजर खाली पडली नाही. आप्पांनाच कुठे बघावं कळेना. पोराचे डोळे इतके त्याच्या आईसारखे आहेत, हे त्यांनाही आजच दिसत होतं. तोही तर इतकी वर्षं त्यांना मान खाली घातलेलाच दिसला होता.

पेन्सिल सुरू झाली. चालली, अडखळली, पुन्हा चालली. आणि मग थांबली ती थांबलीच.

"हलू का मी? पाठ अवघडली."

"हला ना, हला."

"काय झालं रे?"

धाकटा वहीकडे बघत होता. "हा तो नाही," तो म्हणाला. "मी ज्याला काढतो, तो हा नाहीच. हे सगळं..." त्याने हाताने आपल्याच गालावरून खूण केली. "हे सगळं सुरकुत्यांत गेलंय, आप्पा. कान आणि ओठाचा कोपरा सोडला तर काही दिसतच नाही इतकं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा आहे हा. साधा. कुठल्याही म्हाताऱ्याचा असतो तसा. कधी झालं हे?"

आप्पांनी खांदे उडवले. "झालं हळूहळू. मी तरी कुठे आरशात बघतो?"

"मी कशाला घाबरत होतो मग?" धाकटा म्हणाला, आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. आप्पा उठले. पोराला जवळ घ्यायचं कसं, हे हातांना आठवेना. दोन पावलांवर थांबले, मग पुढे होऊन त्यांनी त्याचं डोकं पोटाशी धरलं. थोरली चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तशीच माघारी गेली.

चित्र त्याने पुरं केलं. जेवला, बहिणीशी दोन शब्द बोलला, आणि दुसऱ्या दिवशी काम होतं म्हणून उजेड असतानाच निघाला. जाताना आप्पांच्या पाया पडला आणि वर बघून म्हणाला, "येतो." पुन्हा कधी, ते त्यानेही सांगितलं नाही आणि आप्पांनीही विचारलं नाही.

थोरलीने चित्र फळीवर उभं करून ठेवलं. "अगदी तुम्ही, आप्पा. हुबेहूब." आप्पांनी बघितलं. खरंच हुबेहूब होतं. खुर्चीत बसलेला एक म्हातारा, मांडीवर मफलर. चित्रात खोट काढायला जागा नव्हती. पोरगा भीतीतून मोकळा झाला, हे चांगलंच झालं. पण तो मोकळा होईपर्यंत ज्याला तो घाबरत होता तो माणूसच उरला नव्हता. ज्या बापाने त्याला खांद्यावर घेऊन जत्रेच्या गर्दीतून फिरवायचं होतं, पोहायला शिकवायचं होतं, शाळेच्या दारात उभं राहायचं होतं, तो त्याला कधी भेटलाच नाही. आणि आता भेटायला गेला, तर समोर एक साधा म्हातारा.

त्यांनी पुस्तक काढलं आणि विहिरीचं पान उघडलं.

त्या वर्षांतला त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. कुठे लग्नकार्याला गेले आणि फोटोवाला आला, की ते पाणी प्यायला उठून जायचे. बायको चिडायची. तेव्हाचे ते कसे दिसायचे, हे आता त्यांनाही नीट आठवत नव्हतं. आणि इथे, दगडाखालच्या त्या उजेडाच्या पट्टीत, ते होते. रुंद खांदे, दंडाचे ताणलेले स्नायू, उजवीकडे कपाळावर आलेली दाट केसांची झुलपं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना जखमच दिसली होती. आता दिसलं, की किती तरुण होता तो. पोरगाच होता की. आणि एवढ्या तरुण वयात स्वतःहून वरचा दगड ओढून घेतला होता त्याने, कुणी नीट मागितलाही नसताना.

"पोरी," त्यांनी हाक मारली. "इकडे ये जरा."

थोरली हात पुसत आली. पान बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा तेच काय बघताय?"

"तुझ्या आईने ह्याच्याशी संसार केला," आप्पा म्हणाले. "रोज समोर बसून जेवायची ह्याच्या. तिला एकटीलाच समोर बसू दिलं मी."

थोरली खुर्चीच्या हातावर टेकली. ते पान तिने एकदाच, उभ्या उभ्या, रागाने बघितलं होतं. आता ती नीट बघत राहिली.

"केस किती दाट होते हो तुमचे."

"होते ना," आप्पा म्हणाले. त्यांचा उजवा डोळा भरून आला होता आणि ओठाचा डावा कोपरा, नेहमीसारखाच, हसल्यासारखा दिसत होता. थोरलीने पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं नाही. ती तशीच त्यांच्या शेजारी बसून राहिली.